बांगडी वाढली की फोडली?



परवा आमच्या नात्यातल्या एका मुलाने (मुलगा कसला, दोन लेकरांचा बाप आहे, पण आम्हाला तो मुलगाच!) फोनवर विचारलं, "मावशी, तू एवढी वर्षं इतिहास शिकवलास. किल्ले, नाणी, ताम्रपट यांच्यावर लिही की. फुटक्या बांगड्यांवर लिहिण्यासारखं काय आहे?" फोनवर सगळं सांगत बसले असते तर त्याची मीटिंग बुडाली असती. म्हणून सविस्तर उत्तर इथे लिहिते आहे. त्याच्यासाठी, आणि तुम्हा सगळ्यांसाठीही.

माझं म्हणणं अगदी थोडकं आहे. ताम्रपट राजाने दिला, नाणं राजाने पाडलं, किल्ला राजाने बांधला. त्याच राज्यात पाणी भरणारी, दळणारी, खुरपणारी जी बाई होती, तिच्या हातचं असं मागे काय उरलं? लुगडं कुजलं, मडकं घरादाराचं, सोनं असलंच तर आटवून पुढच्या पिढीला गेलं. उरले ते बांगड्यांचे तुकडे. काच कुजत नाही, गंजत नाही, आणि फुटल्यावर तिला कोणी तिजोरीतही ठेवत नाही. म्हणून मी म्हणते, फुटकी बांगडी हा केर नव्हे, साध्या बाईच्या नावचा कागद आहे. फक्त तो वाचता आला पाहिजे.

आमच्या माणदेशात, किंवा कुठल्याही मराठी मुलखात, जुन्या गावाची जागा ओळखायची एक खूण आहे. आपल्याकडे जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची मातीची घरं पडून, चुलींची राख मिसळून ती माती पांढुरकी होते. अशा पांढरीच्या टेकाडावर पहिला वळवाचा पाऊस पडून गेला की वरची धूळ धुतली जाते आणि खापरांच्या बरोबरीने काचेचे बारके तुकडे चमकायला लागतात. लहानपणी आम्ही ते वेचून परकराच्या ओच्यात भरायचो आणि त्यांनी घर-घर खेळायचो. ते तुकडे कोणाच्या हातातले असतील हा प्रश्न तेव्हा मनात येत नसे.

हा प्रश्न शास्त्र म्हणून ज्यांनी हाताळला त्यांची गोष्ट कोल्हापूरची आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. करणारे होते ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित. ब्रह्मपुरी म्हटलं की लोकांना तिथे सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती आठवते. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ती पाहायला मिळते आणि ती आहेही देखणी. पण त्या टेकडीत दोन काळांची वस्ती एकावर एक होती, खाली सातवाहनांची आणि वर बहामनी अमलातली. वरच्या थरात काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. पुढे १९५४ ते १९५६ मध्ये नेवाशाला सांकळियांनी खणलं, तिथेही सुलतानी-मराठा काळाच्या थरांत तेच. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच गावच्या बायाबापड्यांच्या या बांगड्या! दीक्षित तर काचेच्या मागेच लागले. भारतीय काचेच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक मुंबई विद्यापीठाने १९६९ साली छापलं. एका मराठी संशोधकाने फुटक्या काचांना इतका मान दिला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता तुकडा वाचायचा कसा ते सांगते. थोडं तर यंत्राशिवायही वाचता येतं.

पहिली गोष्ट माप. नववीच्या भूमितीत आपण शिकलो होतो, वर्तुळाचा एक कंस दिला तर त्यावर दोन जीवा काढा, त्यांचे लंबदुभाजक जिथे छेदतील तो मध्य. "याचा आयुष्यात उपयोग काय?" असं मुलं आमच्या गणिताच्या सरांना विचारायची. उपयोग हा! बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा तुकडा असला तरी पुरी बांगडी केवढी होती हे काढता येतं. कासारणीकडे आपण आजही "दोन-चार", "दोन-सहा" म्हणतो, म्हणजे दोन इंच आणि वर सोळा भागांपैकी चार किंवा सहा. तसंच माप चारपाचशे वर्षांपूर्वीच्या हाताचं मिळतं. बांगडी पोरीची होती की बाईची, याचा अंदाज येतो.

दुसरी गोष्ट सांधा. बांगडी करायच्या जुन्या रीती मुख्यतः दोन. एका रीतीत तापलेल्या काचेची लांब कांडी ओढायची, ती गरम असतानाच गोल वळवायची आणि दोन टोकं एकमेकांवर दाबून चिकटवायची. अशा बांगडीवर कुठेतरी सांधा राहतोच. दुसऱ्या रीतीत भट्टीतून सळईच्या टोकावर मऊ काचेचा गोळा उचलायचा, त्याला टोकदार हत्याराने भोक पाडायचं, आणि ते जाड कडं एका निमुळत्या शंकूवर चढवून गरगर फिरवत रुंद करत न्यायचं. या बांगडीला सांधाच नसतो. आतली बाजू शंकूला टेकलेली म्हणून सपाट, थोडी खरबरीत, बाहेरची गुळगुळीत. आणि काचेत अडकलेले हवेचे बुडबुडे बघा, ते गोल न राहता बांगडीच्या वळणाने लांबट होतात, काच कुठल्या दिशेने ओढली गेली ते सांगतात. काच मऊ असते तो वेळ किती थोडा! तेवढ्यात हात चालला तर बांगडी, नाहीतर पुन्हा भट्टीत.

तिसरी गोष्ट रंग. काळी दिसणारी जुनी बांगडी उन्हासमोर धरली की बहुतेक वेळा ती काळी नसतेच, गडद हिरवी, तपकिरी किंवा जांभळी असते. तांब्याने काच निळसर-हिरवी होते. तेच तांबं, पण भट्टीत हवा कोंडून धूर ठेवला, तर विटेसारखा लाल रंग देतं. गर्द निळा कोबाल्टचा, जांभळा मँगनीजचा, अपारदर्शक पिवळा शिसं आणि कथील यांच्या संयुगाचा. बहामनी काळातल्या अनेकरंगी बांगड्यांत एका रंगाच्या गाभ्यावर दुसऱ्या रंगाचे पट्टे चढवलेले असतात. हे करायला दोन काचा एकाच वेगाने थंड होणाऱ्या लागतात, नाहीतर निवताना तडा जातो. रसायनशास्त्राचा तास न घेतलेल्या माणसांनी हे हातच्या अंदाजाने साधलं होतं.

कारागिरांच्या नावांतही इतिहास आहे. कासार हा शब्द कांस्यकार यावरून आला, म्हणजे मूळचा काशाचं काम करणारा. त्यातलेच बांगडकासार बांगड्यांच्या धंद्यात आले. प्रत्यक्ष काच वितळवून बांगडी करणारा तो काचारी, आणि मुसलमानांतले बांगड्या विकणारे ते मणेर. म्हसवडला मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाच्या यात्रेत बांगड्यांची दुकानं लागतात, तिथे या सगळ्यांचे वारस बाई कुठल्या जातीची हे न विचारता तिचा हात हातात घेतात. गावगाड्यात परक्या बाईचा हात धरण्याची मुभा बांगड्या भरणाऱ्यालाच होती, हेही लक्षात घ्या.

इथवर डोळ्यांनी वाचता येतं. पण काच आली कुठून, हे डोळ्यांना कळत नाही. त्याला यंत्र लागतं.

काच म्हणजे मुळात वितळलेली वाळू. नुसती वाळू वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, ती जुन्या भट्टीला झेपणारी नव्हे. म्हणून वाळूत क्षार मिसळायचा, की ती कमी आचेवर विरघळते. खरी मेख या क्षारात आहे. इराण-इराकच्या बाजूला वनस्पती जाळून त्यांची राख वापरत, त्यामुळे त्या काचेत मॅग्नेशियम आणि पोटॅशियम जास्त उतरतं. रोमन लोकांची काच इजिप्तमधल्या तळ्यांतल्या क्षाराची. आणि आपल्याकडे? आपल्याकडे जमिनीवर आपोआप फुलून येणारा क्षार. चोपण जमिनीवर उन्हाळ्यात पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते ना, तोच प्रकार. उत्तर प्रदेशात त्याला रेह म्हणतात आणि त्यापासून काच गाळायची जुनी रीत तिथे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तग धरून होती. आपल्या महाराष्ट्रात बुलढाण्याच्या लोणार सरोवराचा क्षार प्रसिद्ध. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत लोणारबद्दल लिहिताना काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ तिथे मिळतात अशी नोंद केली आहे. म्हणजे आपण ज्याला नापीक, खारवट म्हणून नावं ठेवतो, त्या मातीतून बायकांच्या हातातला रंग निघत होता.

हा फरक ओळखणारं जे यंत्र आहे त्याचं नाव लांबलचक आहे, ते सोडून देऊ. काम सांगते. लेझरचा अतिशय बारीक किरण तुकड्यावर मारतात. त्याने जो खळगा पडतो तो नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. तिथून उडालेला कण वायूच्या झोताबरोबर काही हजार अंश तापलेल्या ज्योतीत जातो, त्याचे अणू सुटे होतात आणि वजनाप्रमाणे मोजले जातात. पन्नासाहून अधिक मूलद्रव्यांचा हिशोब एका खळग्यातून मिळतो. शिवाय मातीत राहून काचेच्या पृष्ठभागावर जो मोरपंखी पापुद्रा धरतो, तो रासायनिकदृष्ट्या खोटं बोलतो. लेझर त्याच्या खालची खरी काच गाठतो, आणि तुकडा जवळजवळ जसाच्या तसा राहतो.

अशी तपासणी आपल्याकडच्या काचेची झाली आहे, आणि तीही फार लांबची नव्हे, कोकणातल्या चौलची. अलिबागजवळचं हे चौल एके काळचं मोठं बंदर. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी तिथे उत्खनन केलं होतं. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या लॉर द्युसुब्यो, गोगटे आणि इतर काही जणांनी चौलचे काचमणी आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडलेले काचमणी एकत्र तपासले. तो निबंध २००८ साली 'आर्किओमेट्री' या नियतकालिकात आला. भारतीय काचेची एक खूण म्हणजे तिच्यात ॲल्युमिना भरपूर, पाच टक्क्यांच्या वर आणि अनेकदा त्याहून पुष्कळ. युरोप-पश्चिम आशियाच्या काचेत तो सहसा दोन-तीन टक्के. पण भारतीय काचेतही पोटजाती निघाल्या. दक्षिण भारत-श्रीलंकेकडच्या जुन्या काचेत बेरियम जास्त आणि युरेनियम कमी. चौलच्या मध्ययुगीन काचेत उलटं, युरेनियम जास्त आणि बेरियम कमी. (घाबरू नका, 'जास्त' म्हणजे दहा लाख भागांत काही भाग!) आणि हीच उलटी खूण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मण्यांत सापडली. अरबी समुद्राच्या दोन काठांवरच्या बायकांच्या गळ्यात एकाच जातीची काच होती! कुठल्या बखरीत हे लिहिलेलं नाही. वाळूतल्या अंशाअंशाने ते लिहून ठेवलं.

हे मण्यांबद्दल झालं, पण वाचण्याची रीत बांगडीलाही तीच. एक सावधगिरी मात्र हवी. जुनी फुटकी काच नव्या मालात टाकली की तो लवकर वितळतो, म्हणून भट्टीवाले भंगार काच वापरतच. शिवाय काच गाळणारा एका गावचा आणि बांगडी वळणारा दुसऱ्या गावचा, असंही चाले. तेव्हा यंत्र वाळूचा मुलूख सांगेल, पण बांगडी कुठे वळली ते सांधा, बुडबुडे आणि भट्टीची राख यांवरूनच ठरवावं लागतं. यंत्र आणि डोळा, दोन्ही लागतात.

आता मला जे मुळात म्हणायचं आहे त्याकडे येते.

आपण हिरव्या चुड्याबद्दल असं बोलतो, जणू तो सृष्टीच्या आरंभापासून चालत आला. उत्खननाचे थर तसं सांगत नाहीत. दख्खनमध्ये सातवाहन काळाच्या थरांत शंख कापून केलेल्या बांगड्या सर्रास मिळतात, काचेच्या त्या मानाने थोड्या. काचेच्या बांगड्यांची रेलचेल होते ती मध्ययुगात. मग रंग बदलतात, पट्टे येतात, जातात, रीत बदलते. आज आपल्या हातातली बांगडी बहुधा फिरोजाबादची. तिथे फिरत्या रुळावर काचेचा धागा स्प्रिंगसारखा गुंडाळतात, तो कापून सुटी कडी करतात आणि घरोघरी बसलेल्या बायका ज्योतीवर एकेक सांधा जुळवतात. म्हणजे शंख गेला, काच आली, क्षार बदलला, भट्टी बदलली, कारागीर बदलला. बदलली नाही ती बांगडीला चिकटवलेली भीती.

आपली भाषा बघा. सवाष्णीची बांगडी कामात पिचली तर आपण "फुटली" म्हणत नाही, "वाढली" म्हणतो. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून केवढी काळजी! पण नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्यांना हा शब्द नाही. तिथे सरळ "फोडल्या". ज्या दिवशी तिला हळुवार शब्दाची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी भाषेने हात आखडता घेतला.

मी आठ-नऊ वर्षांची असताना माझ्या आत्याच्या बांगड्या फोडलेल्या पाहिल्या. ती जेमतेम पंचविशीची. जोत्याच्या दगडावर हात टेकवून दुसऱ्या दगडाने. मनगटाला काच लागली, त्याकडे कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तुकडे केरात गेले, केर उकिरड्यात आणि उकिरड्याचं खत गाडीने काळीत. ते आजही आमच्या जुन्या रानात कुठेतरी असणार. पाचशे वर्षांनी कोणा संशोधकाला ते मिळाले तर तो बरोबर सांगेल, कारखान्यातल्या सोड्याची काच, सांधा ज्योतीवरचा, माप अमुक, बाई हाताने लहानखोर. सगळं खरं. फक्त ही बांगडी वाढली होती की फोडली होती, हे त्याचं यंत्र सांगू शकणार नाही. ते सांगायला आपण आहोत, तोवर सांगितलं पाहिजे.

म्हणून मला मे २०२२ मधली एक घटना ब्रह्मपुरीच्या शोधाइतकीच मोठी वाटते. त्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, बांगड्या फोडणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हे उदाहरण घालून दिलं. काही जण म्हणाले, हजारो वर्षांची परंपरा अशी ठरावाने मोडते का? माझं उत्तर त्या थरांत आहे. जी वस्तू माणसाने वाळू आणि खारापासून घडवली, दर दोनतीनशे वर्षांनी बदलली, तिच्याभोवतीची चालही माणसानेच घातलेली आहे. घालणाऱ्याला ती काढताही येते. ठराव कागदावर राहतो, हे मलाही ठाऊक आहे. तो घरात आणायचं काम आपलं, विशेषतः आम्हा म्हाताऱ्या बायकांचं. तसल्या प्रसंगी "असू दे गं, राहू दे तिच्या हातात" हे वाक्य सुनेने म्हणून चालत नाही, आजीने म्हणावं लागतं.

आणि दुसरं काम पांढरीचं. आजकाल या टेकाडांची माती जेसीबीने उकरून ट्रॉल्या भरून नेतात, कोणी रानात टाकायला, कोणी भरावाला. एका ट्रॉलीत किती बायकांचे कागद जातात याचा हिशोब नाही. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे, मुलांना एकदा गावच्या पांढरीवर न्या. खणू नका, ते पुरातत्त्व खात्याचं काम आहे. तुकडे गोळा करून काचेच्या बरणीतही भरू नका, कारण जागेवरून हललेला तुकडा अर्धा मुका होतो. आहे तिथे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, जागा वहीत लिहा. कंस काढून माप काढा. उन्हासमोर धरून खरा रंग बघा आणि पुन्हा तिथेच ठेवा. मोठं काही दिसलं तर खात्याला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवा. आणि हे लक्षात ठेवा, की काळीत सापडलेला तुकडा खताच्या गाडीतून आलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक तुकड्याखाली गाव असतंच असं नाही.

तर असं आहे, बाळा. किल्ल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, ते लिहितील. तुझ्या घरी पणजीच्या बांगडीचा एखादा तुकडा डब्यात पडलेला असेल तर उन्हासमोर धर आणि कुठला रंग निघाला ते मला कळव. इतर मंडळींनीही कळवावं. आणि आपापल्या घरात कोणाच्या बांगड्या वाढल्या आणि कोणाच्या फोडल्या, तेही जमलं तर लिहून ठेवा.